परसंघांतून आलेला गडी



फुटबॉल हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें जो खेळ उभा राहतो, त्या खेळाविषयींचें हें भाषण नव्हे. अमेरिकेंत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळला जातो त्यांत पायानें चेंडू मारण्याचें काम थोडें, हाताचें व खांद्याचें फार. चेंडू लंबगोल असतो. तो कांखेंत मारून पळावयाचें, किंवा हातानें दूर फेंकून आपल्या गड्याकडून झेलून घ्यावयाचा, आणि अखेर प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यावयाचा, हा त्या खेळाचा मथितार्थ होय. तेथील विद्यापीठांना या खेळाचें वेड फार जुनें आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रट्गर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्यें पहिला सामना झाला. आज अ‍ॅन आर्बर या गांवीं मिशिगन विद्यापीठाचें जें क्रीडांगण आहे त्यांत एका वेळीं एक लाख सात हजारांहून अधिक माणसें बसतात. विद्यार्थ्यांचा खेळ पाहण्यास एवढा समुदाय जमतो, हेंच आपल्याकडील माणसाला प्रथम नवल वाटावें.

खेळाचे नियम पुष्कळ आहेत. पण आजच्या विषयापुरतें थोडें सांगितलें म्हणजे पुरे. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. ज्या संघाच्या हातीं चेंडू असेल त्याला चार प्रयत्न मिळतात, आणि त्या चार प्रयत्नांत त्यानें दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. सरकला तर त्याला नव्यानें चार प्रयत्न मिळतात. न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. एकेक प्रयत्न पांच-सहा सेकंदांत आटपतो. अशा लहान लहान झटापटींची मालिका म्हणजे तो सामना.

सामना आटोपून घरीं परततांना प्रेक्षक ज्यांचीं नांवें घेत जातात ते गडी दोन तऱ्हेचे. एक, चेंडू हातीं घेऊन डाव चालविणारा. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. दुसरे, चेंडू घेऊन पळणारे अथवा झेलणारे. परंतु या सर्वांच्या पुढें खांद्याशीं खांदा भिडवून पांच धिप्पाड गडी वांकून उभे असतात. मध्यें सेंटर, त्याच्या दोन बाजूंस दोन गार्ड, आणि त्यांच्याहि बाहेर दोन टॅकल. प्रत्येकाचें वजन बहुधा तीनशें पौंडांच्या घरांत. ही आक्रमण करणाऱ्या संघाची आघाडीची फळी. गंमत अशी कीं, आक्रमण करणाऱ्या संघाचे असूनहि या पांचांना पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याची एरवीं मुभा नसते. समोरून चालून येणाऱ्याला अडविणें, हें त्यांचें काम. त्यांनीं वाट मोकळी केली तर पळणारा पळतो. त्यांनीं दोन-तीन सेकंद भिंत धरून ठेविली तर फेंकणारा फेंकतो. भिंत ढांसळली कीं क्वार्टरबॅक जमिनीवर आलाच म्हणून समजावें. उजव्या हातानें फेंकणाऱ्याची पाठ डावीकडे वळते आणि त्या बाजूनें येणारा शत्रु त्याला दिसत नाहीं. तेव्हां डावा टॅकल हा त्याच्या पाठीचा डोळाच होय. कळसाला हात जोडणारे पुष्कळ असतात; पायाच्या दगडांकडे कोणी पाहत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार आहे.

या पांचांतहि सेंटरचें काम विशेष नाजूक. जमिनीवरचा चेंडू दोन पायांमधून तो मागें देतो आणि त्याच क्षणीं समोरच्या गड्याशीं भिडतो. परंतु त्याचें खरें काम त्यापूर्वींच झालेलें असतें. प्रतिपक्षाचे गडी कसे उभे आहेत, त्यांतला कोण चालून येण्याचा नुसता आव आणीत आहे आणि कोण खरोखर येणार आहे, हें त्यानें कांहीं क्षणांत ओळखावयाचें आणि ठराविक सांकेतिक शब्दांत शेजाऱ्यांना सांगावयाचें. चौघांपैकीं एकाचा जरी समज निराळा झाला तरी भिंतीला तेवढें भगदाड पडलें. परक्या मैदानावर तर लाखभर माणसांच्या गोंगाटांत शब्दहि ऐकूं येत नाहींत; मग मानेच्या हालचालीवर किंवा शेजाऱ्याच्या हाताच्या स्पर्शावर चेंडू सोडावा लागतो. कोणी एक क्षण आधीं हलला तर पांच यार्डांचा दंड. कोणीं समोरच्याला धरून ठेविलें तर दहा यार्डांचा.

ही विद्या फळ्यावर खडूनें रेघा ओढून पुरी शिकवितां येत नाहीं. अठरा वर्षांच्या मुलाच्या अंगांत बळ असूं शकतें; परंतु समोरच्याच्या पावलावरून त्याचा बेत ओळखणें हें शेंकडों झटापटींनंतर येतें. यामुळें, आपल्या फळींतला एखादा गडी पदवी घेऊन निघून गेला म्हणजे तेथील मार्गदर्शक दोन वाटांचा विचार करतात. आपल्याच घरच्या एखाद्या होतकरू मुलाला ती जागा द्यावी आणि त्याच्या चुका सोसाव्या. किंवा दुसऱ्या विद्यापीठांत कसास लागलेला अनुभवी गडी आपल्याकडे आणावा. दुसरी वाट आज फार रहदारीची झाली आहे. तिच्यांत मिळतें काय आणि जातें काय, हा प्रश्न खेळापुरता राहिलेला नाहीं. तो विद्यापीठ म्हणजे काय, येथपर्यंत जाऊन पोंचतो.

पूर्वीं ही वाट इतकी मोकळी नव्हती. पदवी घेतलेल्यांना कांहीं सवलत असे. परंतु शिक्षण चालू असतां एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यांत जाणाऱ्या फुटबॉल खेळाडूनें नव्या ठिकाणीं पहिलें वर्ष सामने न खेळतां काढावें, असा दंडक होता. १५ ऑक्टोबर २०१८ पासून विद्यापीठ बदलूं इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामाईक नोंदवही सुरू झाली; ट्रान्स्फर पोर्टल या नांवानें ती ओळखली जाते. तींत नांव चढलें कीं इतर विद्यापीठांच्या मार्गदर्शकांना त्या खेळाडूशीं उघड बोलणें करतां येतें. २०२१ सालीं पहिल्या बदलापुरती वर्षभर बसून राहण्याची अट काढून टाकण्यांत आली. २०२४ सालीं, प्रकरण न्यायालयापर्यंत गेल्यानंतर, ज्याचा अभ्यास नीट चालू आहे त्यानें कितीहि वेळां विद्यापीठ बदलावें व लगेच खेळावें, असें ठरलें. याच काळांत पैशाचाहि प्रवेश झाला. १ जुलै २०२१ पासून आपल्या नांवाच्या व प्रसिद्धीच्या उपयोगाबद्दल मोबदला घेण्यास खेळाडू मोकळे झाले. आणि ६ जून २०२५ रोजीं न्यायालयानें मान्य केलेल्या एका तडजोडीनें विद्यापीठांना स्वतःच खेळाडूंना पैसे देण्याचा मार्ग खुला झाला. पहिल्या वर्षासाठीं त्याची कमाल मर्यादा दर विद्यापीठामागें सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर इतकी होती.

नियमांची ही जंत्री कोरडी वाटेल. पण तिच्यांतून एक माणूस चालत गेला म्हणजे ती जिवंत होते. असा एक गडी म्हणजे मेरीलंड राज्यांत शाळा शिकलेला ओलुसेगुन ओलुवातिमी. २०१७ सालीं तो कोलोरॅडोंतील हवाईदलाच्या अकॅडमींत दाखल झाला. पुढल्याच वर्षीं तो व्हर्जिनिया विद्यापीठांत आला. तेव्हां जुना दंडक लागू होता. सबंध २०१८ साल त्यानें सराव करावा, घाम गाळावा, आणि सामन्याच्या दिवशीं मात्र रेषेबाहेर उभें राहून इतरांचा खेळ पहावा, असा तो नियम. त्यानें तें वर्ष काढलें. २०१९ पासून तो व्हर्जिनियाचा सेंटर झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो संघ ऑरेंज बोल या मानाच्या सामन्यापर्यंत पोंचला. २०२१ सालीं देशांतील सर्वोत्कृष्ट सेंटरला मिळणाऱ्या रिमिंग्टन पारितोषिकासाठीं जे तीन गडी अखेरपर्यंत विचारांत होते त्यांत त्याचें नांव होतें. पारितोषिक दुसऱ्याला मिळालें.

त्या वर्षाच्या डिसेंबरांत व्हर्जिनियाच्या मुख्य मार्गदर्शकानें पद सोडलें. ओलुवातिमीची पदवी हातीं आली होती. साथीच्या रोगामुळें २०२० चें वर्ष खेळाडूंच्या हिशेबांत धरावयाचें नाहीं असें ठरलें होतें, त्यामुळें त्याला आणखी एक वर्ष खेळण्याचा हक्क उरला होता. तें वर्ष त्यानें मिशिगनला दिलें.

मिशिगनची फळी त्या वेळीं दुबळी होती असें मात्र नव्हे. जो मूर या नांवाजलेल्या शिक्षकाच्या स्मरणार्थ २०१५ पासून एक पारितोषिक देण्यांत येतें. तें एका गड्याला नव्हे, तर वर्षांतील सर्वोत्कृष्ट ठरलेल्या सबंध फळीला दिलें जातें. २०२१ चें तें पारितोषिक मिशिगनला मिळालें होतें. त्या फळीचा सेंटर आपला काळ संपवून गेला, आणि उत्तम चाललेल्या संसारांत नेमकी मधली जागा रिकामी झाली. अशा ठिकाणीं परका माणूस आणून बसविणें हें जोखमीचें काम. दोन्ही बाजूंचे गार्ड एकमेकांना ओळखतात, त्यांचा हात एका वळणावर बसलेला असतो. आणि त्यांना शब्द देणारा मात्र काल आलेला. शिवाय प्रत्येक संघाची सांकेतिक भाषा निराळी. तीन वर्षें जो शब्द एका अर्थानें उच्चारला तो विसरून नवा शब्द जिभेवर बसवावयाचा, तोहि असा कीं ऐन गर्दींत विचार न करतां बाहेर पडावा. एखाद्या गवयाच्या मैफलींत ऐन वेळीं नवा तबलजी बसला, तर पहिल्या कांहीं आवर्तनांत दोघांचीहि परीक्षा असते. ठेका बरोबर असणें पुरेसें नसतें. समेवर दोघांना एकमेकांचा भरंवसा वाटावा लागतो.

तो भरंवसा जमला, हें पुढील वर्षानें दाखविलें. २०२२ सालीं मिशिगनच्या संघानें लागोपाठ तेरा सामने जिंकले. त्यांतील सर्वांत मानाचा सामना २६ नोव्हेंबर रोजीं कोलंबस येथें ओहायो स्टेट या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या घरीं झाला. तेथें मिशिगनला २००० सालानंतर एकहि विजय मिळाला नव्हता. संघाचा प्रमुख धांवपटु ब्लेक कोरम आदल्या आठवड्यांत गुडघ्याला इजा होऊन जवळजवळ निकामी झाला होता. या सामन्यांत त्यानें केवळ दोनदां चेंडू नेला. त्याच्या जागीं डॉनोव्हन एडवर्ड्स हा तरुण आला. त्याच्याहि एका हाताला बंदोबस्त बांधलेला होता. मध्यंतराला मिशिगन २० विरुद्ध १७ असा मागें होता. अखेरच्या सत्रांत एडवर्ड्सनें एकदां ७५ यार्डांची आणि एकदां ८५ यार्डांची धांव घेतली, आणि सामना ४५ विरुद्ध २३ असा संपला. एडवर्ड्सच्या एकूण २१६ यार्डांची वाहवा झाली, ती योग्यच होती. परंतु ७५ यार्ड पळणाऱ्याला पहिले पांच यार्ड कोणीं मिळवून दिले, हा प्रश्न गर्दींतील किती जणांच्या मनांत आला असेल?

जाणत्यांच्या मनांत तो आला. त्या वर्षीं रिमिंग्टन पारितोषिक ओलुवातिमीला मिळालें. १९४६ पासून उत्कृष्ट फळीकऱ्याला देण्यांत येणारें आउटलंड पारितोषिकहि त्यालाच मिळालें. मिशिगनच्या कोणत्याहि गड्याला तें त्यापूर्वीं मिळालें नव्हतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जो मूर पारितोषिक पुन्हां मिशिगनच्या फळीनें जिंकलें. लागोपाठ दोन वर्षें तें कोणीच मिळविलें नव्हतें. पहिलीं दोन पारितोषिकें एकट्याचीं, तिसरें पांचांचें. परसंघांतून आलेल्या गड्याच्या बाबतींत तिसऱ्याचें मोल अधिक. तो स्वतः चमकला, यांत नवल नाहीं. तो आल्यावरहि फळी एकजीव राहिली, हें नवल.

मात्र अनुभवी गडी आणला म्हणजे विजय हातचा झाला, असा हिशेब कोणी करूं नये. ३१ डिसेंबर २०२२ रोजीं फिएस्टा बोलमध्यें टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या संघानें मिशिगनचा ५१ विरुद्ध ४५ असा पराभव केला, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाचें स्वप्न तेथेंच विरलें. त्या सामन्यांत मिशिगनचा संघ दोनदां प्रतिपक्षाच्या अगदीं उंबरठ्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातीं परतला.

आतां नाण्याची दुसरी बाजू. एका घरीं दिवा आला म्हणजे दुसऱ्या घरांतून तो गेलेला असतो. व्हर्जिनियाच्या फळींतील जुने गडी त्या एकाच हिंवाळ्यांत पांगले; कांहीं पदवी घेऊन गेले, कांहीं इतर विद्यापीठांत गेले. तेथील क्वार्टरबॅक ब्रेनन आर्मस्ट्राँग मागें राहिला. २०२१ सालीं या गड्यानें ११ सामन्यांत चेंडू फेंकून ४,४४९ यार्ड मिळविले होते. २०२२ सालीं १० सामन्यांत त्याचे २,२१० यार्ड झाले. हात तोच होता. त्याच्यापुढील भिंत नवी होती. अर्थात् एकाच कारणावर बोट ठेवणें अन्यायाचें होईल. मार्गदर्शक बदलले होते, खेळाची पद्धति बदलली होती. आणि नोव्हेंबरांत तर गोळीबारांत तीन खेळाडूंचा अंत झाल्यानें त्या विद्यापीठावर असा घाला पडला कीं उरलेले दोन सामने रद्द झाले आणि खेळांतील जयापजयाला कांहीं अर्थच राहिला नाहीं. तरीहि दोन वर्षांचे आंकडे शेजारीं ठेविले म्हणजे, न दिसणाऱ्या माणसांचें काम ते गेल्यावर कसें दिसूं लागतें, हें ध्यानीं येतें.

आणखी एक माणूस या हिशेबांत धरावयास हवा, आणि त्याचें नांव कोणत्याहि यादींत नसतें. तो म्हणजे दोन-तीन वर्षें सराव करून आपली पाळी येईल म्हणून वाट पाहणारा घरचा मुलगा. त्याला ज्या दिवशीं कळतें कीं रिकाम्या जागेवर बाहेरचा अनुभवी गडी येत आहे, त्या दिवशीं त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल? कांहीं जण निराश होऊन स्वतःच दुसरें विद्यापीठ धुंडाळतात, आणि एका स्थलांतरांतून दुसरें जन्मतें. कांहीं जण थांबतात, नव्या गड्याच्या शेजारीं उभें राहून त्याची विद्या उचलतात, आणि पुढल्या वर्षीं अधिक तयारीनें मैदानांत उतरतात. शहाणा मार्गदर्शक कोण, हें या मुलाशीं तो कसा बोलतो यावरून ओळखावें.

मग कोणती वाट बरी? अनुभव दोन्ही बाजूंनीं साक्ष देतो. मिशिगननें २०२३ सालीं पुन्हां बाहेरून सेंटर आणला. ड्रेक न्यूजंट हा गडी स्टॅनफर्डहून आला, आणि ८ जानेवारी २०२४ रोजीं ह्यूस्टन येथें वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४ विरुद्ध १३ असें हरवून मिशिगननें अजिंक्यपद मिळविलें. उलट, २०२४ चें जो मूर पारितोषिक वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकॅडमीच्या संघानें जिंकलें. तेथें दुसरीकडे पदवी घेतलेला गडी एका वर्षापुरता आणतां येत नाहीं, जाहिरातीच्या पैशाचें आमिष नसतें, आणि शिक्षण संपल्यावर सैन्यांतील सेवा प्रत्येकाची वाट पाहत असते. तेथील फळी एकाच छपराखालीं वाढलेली. एका संघानें अनुभव बाहेरून आणला, दुसऱ्यानें घरीं पिकविला. दोघांनाहि यश आलें, कारण दोन्हीकडे पांच माणसें एका मनानें हललीं.

विद्यार्थ्याला मिळालेल्या नव्या मोकळिकीवर रागावण्याचेंहि कारण नाहीं. मार्गदर्शक मोठ्या पगारावर केव्हांहि दुसरीकडे जाऊं शके आणि विद्यार्थ्यानें मात्र वर्षभर रेषेबाहेर बसावें, ही वांटणी न्यायाची नव्हती. परंतु मोकळीक मिळाली म्हणजे जबाबदारी संपली असें नाहीं. ओलुवातिमीच्या उदाहरणांत जें मन रमतें तें त्याच्या पारितोषिकांमुळें नव्हे. ज्या विद्यापीठांत एक वर्ष बसून काढलें तेथें तो तीन वर्षें खेळला, तेथील पदवी त्यानें पुरी केली, आणि मग निरोप घेतला. नव्या ठिकाणीं गेल्यावर त्यानें तेथल्या चौघांचा शब्द आपलासा केला. जुन्या घरचें देणें फेडून निघणें आणि नव्या घरीं पाहुण्यासारखें न राहतां घरच्यासारखें राबणें, या दोन गोष्टी साधल्या तर स्थलांतराला कोणी नांवें ठेवूं नयेत. त्या साधल्या नाहींत, तर विद्यापीठाची धर्मशाळा व्हावयास वेळ लागत नाहीं. २०२३ सालीं सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघानें ओलुवातिमीला पांचव्या फेरींत निवडलें. म्हणजे तेथेंहि तो पुन्हां नवा गडी म्हणूनच दाखल झाला.

या खेळाचें चित्र कधीं डोळ्यांसमोर आलें, तर चेंडूच्या मागें नजर न धांवडवितां पहिले दोन-तीन सेकंद त्या वांकून उभ्या राहिलेल्या पांचांकडे पहावें. मधला गडी मान किंचित् हलवील आणि पांचहि एकदम उठतील. त्यांतला कोण घरचा आणि कोण बाहेरून आलेला, हें ओळखूं आलें नाहीं, तर ती फळी चांगली आहे असें खुशाल समजावें.